नऊ कोण म्हणालं

काळमाथ्याच्या डोंगरावर बाबा घसरले तेव्हा त्यांच्याबरोबर आठ माणसं होती. त्या आठांतलं कोणीतरी त्यांच्या वतीने "नऊ" म्हणालं आणि सगळे खाली चहा प्यायला गेले. तीन महिने मी त्या एका माणसाच्या शोधात होते.

जानेफळच्या सायकल मंडळाची शिस्त बाबांनीच घातलेली. कृषी सहायक उकंडराव, म्हणजे माझे बाबा आणि मंडळातल्या सगळ्यांचे भाऊ, यांचं सारं आयुष्य उतार, माती आणि पाण्याच्या वाटा पाहण्यात गेलं होतं. निवृत्तीनंतर दर रविवारी ते मंडळाला घेऊन निघत. डोंगराच्या पायथ्याशी ओळखीच्या शेतात सायकली लावायच्या आणि पायी वर जायचं. प्रत्येकाला कायमचा एक आकडा होता. ठरलेल्या जागी पुढचा माणूस "मोजा" अशी हाक देई आणि आकडे एकापासून मागे मागे जात. बाबा सगळ्यांत शेवटी चालत, म्हणून त्यांचा आकडा नऊ. नऊ ऐकू आल्याशिवाय पुढच्याने पाऊल उचलायचं नाही.

ऑक्टोबरातल्या त्या रविवारी उतरताना सपाट खडकापाशी मोजणी झाली. नऊ आकडे आले. बाबा त्या वेळी दीडशे पावलं मागे, वळणाखालच्या घळीत, मांडीचं हाड मोडून पडले होते. खाली शेतात चहा झाला, गप्पा झाल्या आणि निघताना एक सायकल उरली. तेव्हा लोक वर धावले. मेहकरला नेताना वाटेतच बाबा गेले. रक्त फार गेलं होतं, डॉक्टर म्हणाले. पाऊण तास आधी आणलं असतं तर, एवढं बोलून ते थांबले. पाऊण तासच चहाला लागला होता.

मी एकेकाला गाठून विचारलं. केसरबाई, अंगणवाडीच्या निवृत्त सेविका, शपथेवर म्हणाल्या, "भाऊच बोलले व माय. मी आपल्या कानानं ऐकलं." पुंजाजी भाजीपाला पिकवतात. त्यांचा आकडा आठ, म्हणजे बाबांच्या अगदी पुढचा. ते म्हणाले, "मी आठ म्हटलं, पोरी. भाऊ माह्या मांगंच होते ना." शेखर गावातल्या शाळेत शिक्षक आहे. त्याने वाऱ्याचं कारण सांगितलं, आवाज कोणाचा ते कळलंच नाही म्हणे.

आणि रंगराव. त्यांचं बियाण्याचं दुकान आहे आणि मंडळात ते पहिले चालतात. मी दुकानात गेले तर त्यांनी गिऱ्हाइकाकडे पाहत उत्तर दिलं, "मोजणी बराबर होती. मी समोर होतो. मले मांगचं काय माहीत?" आधीच्याच रविवारी त्यांचं बाबांशी जोराचं भांडण झालेलं, एवढं आई सांगत होती. कशावरून ते तिलाही कळलं नव्हतं. दहाव्याला सगळं गाव आलं, रंगराव आले नाहीत. चढावर नेहमी घाईत असणारा माणूस. उशीर होतो म्हणून मागच्याचा आकडा आपणच सांगून टाकणं त्यांच्या स्वभावात बसत होतं. वाऱ्यात आवाज पुढून आला की मागून, कोण सांगणार? मी चिखलीच्या कॉलेजात शिकवते. दुसऱ्याच्या नावाला "हजर" म्हणणारी मुलं मला आवाजावरून कळतात. हा आवाज मात्र मी ऐकलेलाच नव्हता.

जानेवारीत शेखर घरी आला. मंडळ पुन्हा सुरू करायचं ठरत होतं आणि बाबांची फेऱ्यांच्या आखणीची वही हवी होती. वही देण्याऐवजी मी म्हणाले, "आखणी मी करते. मीही येते. पण काळमाथाच, आणि माणसं तीच, त्याच क्रमानं."

निरोप ऐकून रंगरावांचा फोन आला. "तिकडंच काऊन? दुसरा डोंगर नाही काय जिल्ह्यात?"

"आहे ना. पण हाच करू."

त्यांनी फोन ठेवून दिला. मी तेही मनात नोंदवून ठेवलं.

आखणी मात्र मी प्रामाणिकपणे केली. बाबांची पानं समोर ठेवून सगळं लिहिलं. वनरक्षकाला फोन केला. त्याने सांगितलं की पश्चिमेच्या कड्याला आग्यामोहोळ बसलंय, तिकडून जाऊ नका, अत्तर-पावडर लावू नका. माणशी तीन लिटर पाणी. पंक्चरचं सामान दोघांकडे. वरून परत फिरायची वेळ दहा, मग माथा गाठलेला असो वा नसो. पानाची एक प्रत आईकडे दिली. एक वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचं, ते त्या प्रतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं. यादीत एक ते आठ होते तसेच ठेवले. नऊपुढे काहीच लिहिलं नाही. दहापुढे माझं नाव.

"नऊ कोण?" शेखरने पान पाहून विचारलं.

"तसंच राहू दे."



रविवारी सात वाजता निघालो. दोन्ही बाजूंना हरभरा आणि तूर. कोणी फारसं बोलत नव्हतं. चढ लागल्यावर केसरबाईंना राहवलं नाही. "रंगरावभाऊ, तुमचं पोट पुढच्या चाकाच्या आधी पोचून राह्यलं!"

"मंग त्यालेच एक नंबर द्या," रंगराव म्हणाले. दोघं-तिघं हसले आणि माझ्याकडे पाहून थांबले. मलाही हसू येत होतं. ते त्यांना दिसू नये म्हणून मी खाली वाकून चेन बघू लागले.

शेतात सायकली लावल्या. पहिली मोजणी तिथेच. सगळे एकमेकांकडे तोंड करून उभे होते. "सात." "आठ," पुंजाजी म्हणाले. मग शांतता. "दहा," मी म्हणाले. केसरबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

वर जाताना मी सगळ्यांच्या मागे होते. ती घळ डाव्या हाताला आली तेव्हा कोणी तिच्याकडे पाहिलं आणि कोणी नाही, हे मी पाहत होते. रंगरावांनी पाहिलं नाही. पुंजाजी थांबले, हात जोडले आणि पुढे झाले. माथ्यावरही मोजणी झाली. पुन्हा आठ, शांतता आणि दहा. मला वाटू लागलं की ज्याने म्हटलं तो सावध आहे आणि आता कधीच म्हणणार नाही.

दहाला परत फिरलो. उतारावर मुरूम सुटलेला, प्रत्येकाचं लक्ष पायाखाली. एका ओळीत सपाट खडकाशी आलो. रंगराव मागे न पाहता ओरडले, "मोजा!"

एक. दोन. तीन. आकडे एकामागून एक मागे येत गेले. सात. मग पुंजाजी, काठीने वाटेतला दगड बाजूला सारत, एका श्वासात म्हणाले, "आठ, नऊ."

आणि ओळ चालू लागली. मला ते अजून दिसतं. नऊ ऐकताच पुढच्या सगळ्यांचे पाय आपोआप उचलले गेले. दोन-तीन पावलं पडली आणि मग एकेक जण थांबला.

माझं दहा म्हणायचं राहूनच गेलं.

"काय झालं बे?" पुंजाजींनी विचारलं. सगळे वळून त्यांच्याकडे पाहत होते.

"तुम्ही नऊ म्हटलं, पुंजाजी," केसरबाई हळूच म्हणाल्या.

"म्या? म्या आठ म्हटलं."

"आठ, नऊ म्हटलं."

पुंजाजींनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांचे ओठ हलले. आत्ताच बोललेलं ते पुन्हा बोलून पाहत असावेत. ते खडकावर बसले, काठी खाली पडली.

"भाऊ मांगून प्लास्टिकच्या पन्न्या वेचत येत," ते जमिनीकडे पाहत म्हणाले. "तोंडानं गाण्याची शिट्टी चालू राहे. त्यायनंच सांगितलं होतं, पुंजाजी, माहा आकडा तूच सांगत जाय. पयले मी मांगं पाहो. भाऊ दिसले का मंग म्हणो."

"आणि मग?"

"मंग पाहणं सुटलं."

मला यावर विश्वास ठेवायचा नव्हता. मेलेल्या माणसाने सांगितलं होतं, हे कोणालाही म्हणता येतं. मी म्हणाले, "बाबा असं सांगणार नाहीत. शिस्त त्यांचीच होती."

"सांगितलं होतं," रंगराव खालून म्हणाले. ते दोन पावलं वर आले. "मी ऐकलं होतं. त्याच्यावरूनच आमचं भांडण झालं. म्हटलं, भाऊ, हे बरं नाही. तर मलेच हसले."

"मग तीन महिने बोलला का नाहीत?"

"काय बोलू? बापाले जाऊन दहा दिवस झाले, अन् त्याच्या पोरीले सांगू का चूक त्याचीही होती म्हणून? तोंड दाखवायची हिंमत नाही झाली. अन् पुंजाजीचं नाव घेऊ? त्याले तर आठवतही नव्हतं."

खरंच आठवत नव्हतं? मी पुंजाजींचा चेहरा बराच वेळ पाहिला. घाम, पांढरी दाढी. पहिल्या रात्रीपासून ठाऊक असलेल्या माणसाचा चेहरा याहून वेगळा दिसला असता का, मला सांगता येत नाही. आजही येत नाही. ज्या आवाजाचा मी इतका राग साठवला होता तो समोर होता, आणि त्या आवाजाला मागे न पाहायची सवय लागली तेव्हा बाबा हसत होते.

ऊन चढलं होतं. खाली पोचून आईला फोन करायचा होता. मी ओळीच्या पुढे गेले आणि रंगरावांपासून सुरू करून एकेकाच्या खांद्यावर हात ठेवत मोजत आले. आकडा कोणी बोलायचा नाही, मीच बोलले. सातव्यापर्यंत हात सहज गेला. आठव्यापाशी थांबला. पुंजाजी मान खाली घालून बसून होते. मग मी हात ठेवला. सदरा घामाने ओला होता.

"आठ," मी म्हणाले.

"मले सगळ्याच्या मांगं राहू दे, पोरी," ते म्हणाले. "तुम्ही व्हा समोर."

"नाही. तुम्ही माझ्या पुढं चाला. मला दिसत राहाल असे."

त्यांनी मान वर केली. "इसवास नाही ना राह्यला माह्यावर?"

"नाही," मी म्हणाले. "म्हणूनच पुढं चाला."

ते काठी टेकून उठले. रंगरावांनी हाक दिली आणि आम्ही उतरू लागलो, मी त्यांच्या पाठीवरची नजर न काढता.