मधला काप

जी वस्तू दोघांची आहे, तिचे दोन भाग करण्याचे काम ज्या एकाच्या हाती येते, त्याच्यावर लक्ष ठेवणारे तेथे कोणी नसते. तो न्यायाने वागला तर त्याची कोणी स्तुती करत नाही, कारण तेवढे गृहीतच धरलेले असते. आणि न्यायापासून ढळला तर तेही बहुधा कोणाच्या ध्यानात येत नाही. ठाऊक असते ते एकट्या त्याला. ओताकरला ते एकोणीस वर्षे ठाऊक होते.

ऑक्टोबरातील त्या गुरुवारी सकाळी तो परसातील आपल्या लाकडी खोपटात उभा राहून एका अर्ध्या अकीकाची घासलेली बाजू फ्लॅनेलच्या तुकड्याने पुसत होता. बारा वाजता संग्रहालयाची ब्लांका त्याच्या मित्राच्या, यारोमीरच्या घरी यायची होती. दगडाचा दुसरा अर्धा भाग यारोमीरकडे होता. भोवतालच्या गावांतील हौशी मंडळींनी वेचलेल्या, कापलेल्या, चकाकी आणलेल्या दगडांचे प्रदर्शन रविवारी भरणार होते, आणि त्यात मधल्या काचेच्या पेटीत हे दोन अर्धे उघड्या पुस्तकासारखे शेजारी शेजारी मांडायचे ठरले होते. आजवर ते दोन घरांतील दोन फळ्यांवर राहिले होते. वाटणी झाल्यापासून एकमेकांना ते कधी भेटलेच नव्हते.

पुसून झाल्यावर ओताकरने खालचा खण ओढला. कापडगिरणीतले जुने धोटे बाजूला सारून त्याने सिगारेटचा एक पत्र्याचा डबा बाहेर काढला. त्यात बिस्किटाएवढ्या जाडीचा एक काप होता. तो डबा त्याने कोटाच्या आतल्या खिशात ठेवला, बाहेर काढला, आणि पुन्हा ठेवला.

ओताकरने उभा जन्म गिरणीतील माग दुरुस्त करण्यात घालवला होता. यारोमीरने चौतीस वर्षे सायकलवरून चार गावांची पत्रे वाटली होती. एकाला हात लाभले होते, दुसऱ्याला डोळे. नांगरलेल्या शेतात पाऊस पडून गेला की यारोमीर पत्रांची थैली खांद्यावर तशीच ठेवून बांधाकडे वळायचा, आणि ढेकळांतून नेमका तोच दगड उचलून आणायचा, जो इतर कोणाच्याही पायाखालून गेला असता. मग तो ओताकरच्या करवतीखाली जायचा. आवडीवरून मात्र दोघांचे कधी जमले नाही. यारोमीरचा जीव तांबड्या जास्पर दगडावर. "बाहेर तसाच आत. प्रामाणिक दगड," तो म्हणायचा. "तुझा अकीक लबाड. वरून बटाटा आणि आत राजवाडा." ओताकरला तो राजवाडाच हवा असे.

त्यांचा रिवाज साधा होता. दगड शोधणाऱ्याला अर्धा, कापणाऱ्याला अर्धा, निवड शोधणाऱ्याची, आणि करवत चालू असताना शोधणाऱ्याने समोर बसायचे.

एकोणीस वर्षांपूर्वीच्या वसंतात मात्र यारोमीर समोर बसला नाही. त्याची पत्नी मिलादा शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात होती. तो सकाळीच दगड घेऊन आला, दोन मुठींएवढा, आणि उभ्या उभ्या म्हणाला, "तू काप. माझी वाट बघू नकोस. तिथं बाकड्यावर बसून मला काही सुचत नाही. इकडं काहीतरी चाललंय, एवढं डोक्यात राहू दे."

ओताकरने कापला. दोन भाग वेगळे झाले, त्याने पाणी ओतले, आणि किल्ल्याच्या तटांसारख्या एकात एक गेलेल्या राखी निळ्या रेषा उजळल्या. मध्ये एक नितळ तळे, आणि तळ्यात तांबूस काठाचे पांढरे बेट. बेट किती खोल जाते, हे पाहण्याचा मोह त्याला आवरला नाही. एका अर्ध्यावरून त्याने आणखी एक पातळ काप काढला आणि खिडकीशी धरला. बेट दिव्यासारखे पेटले.

त्या क्षणापर्यंत त्याच्या मनात पाप नव्हते. मिलादा घरी आली की हा काप मित्राच्या हातावर ठेवायचा, असेच त्याने योजले होते. अकरा दिवस तो त्या कापाशी बसला. आधी जाड कुरुंदाची पूड, मग बारीक, मग त्याहून बारीक. प्रत्येक पायरीला हात कोपरापर्यंत धुऊन, कारण आधीच्या पुडीचा एक कण जरी नखाखाली राहिला, तरी शेवटच्या चकाकीवर ओरखडा उमटतो. मग चामडे. मिलादा बरी होऊन घरी आली. यारोमीर आला, त्याने मोठ्या बेटाचा अर्धा निवडला, त्याचे डोळे भरून आले. ओताकरचा हात खणाकडे गेला नाही. दुसऱ्या दिवशीही गेला नाही. पुढे तर प्रत्येक दिवसाने ते देणे आदल्या दिवसाहून अवघड करून ठेवले.

"बूट काढ, घरातल्या चपला घाल आधी," यारोमीरच्या दारातच मिलादाने फर्मावले. "फरशी आत्ता पुसलीय. आणि पिशवीत दगडच आहे ना? बेसिनमध्ये ठेवू नकोस. या घरात बटाट्यांपेक्षा दगड जास्त धुतले गेलेत."

"धुतलेला आहे."

"धुतलाय की चाटलाय? तुम्ही दोघांनी मिळून अर्धा जिल्हा चाटलाय."

कोरडा दगड बोलत नाही; जीभ लावली की रेषा उमटतात. त्या पायी दोघांनी आयुष्यभर माती खाल्ली होती.

यारोमीर खिडकीपाशी बसला होता, काठी गुडघ्यांत धरून. खुब्याची दोनदा शस्त्रक्रिया झाल्यापासून, तीन वर्षे, त्याने शेत पाहिले नव्हते.

"दाढी करून आलास?" तो म्हणाला. "पेटीत दगड ठेवायचाय की तुला?"

"तू कर की. मग दोघंही बसू पेटीत."

ब्लांका वेळेवर आली. मिलादाने खसखशीचे बन मांडले. ब्लांकाने टेबलावर काळे कापड पसरून दोन्ही अर्धे शेजारी ठेवले. थोडे दूर केले. पुन्हा जवळ आणले.

"एक विचारू का, मिस्त्री?" ती ओताकरला म्हणाली. "हे दोन्ही नक्की एकाच दगडाचे ना? इकडे बेट एवढं मोठं, आणि तुमच्या बाजूला मसुराएवढं."

ओताकरने तोंड उघडण्याआधीच यारोमीर बोलला.

"तेव्हा याची करवत जाड होती. धुण्याच्या यंत्राची मोटर, आणि पातं कुठल्यातरी भंगारातलं. घास मोठा घ्यायची ती. दगडाचा निम्मा जीव पीठ होऊन बादलीत जायचा."

"हे मला तोंडपाठ झालंय," मिलादा कॉफी ओतत म्हणाली. "डॉक्टर आले तरी करवत जाड, पाद्री आले तरी करवत जाड. कोणी फळीकडे बघायचा अवकाश."

ओताकर आपल्या कपाकडे पाहत राहिला. हे वाक्य त्याने प्रथमच ऐकले होते. वापरून वापरून ते गुळगुळीत झालेले होते, आणि ते त्याच्यासाठी वापरले गेले होते. त्याने कोटात हात घातला, डबा उघडला आणि काप दोन अर्ध्यांच्या मध्ये ठेवला. मोठे बेट, मधले बेट, मसुराएवढे बेट. रेषा रेषेला मिळाली.

"करवत जाड नव्हती, यारोमीर."

ब्लांकाने हातातला बन बशीत परत ठेवला. यारोमीरने काप उचलला, सवयीने जिभेला लावला आणि खिडकीतल्या उजेडात धरला. पुष्कळ वेळ धरला.

"कधी?"

"त्याच दिवशी. तू मिलादापाशी होतास."

"दोन्ही बाजूंनी चकाकी आणलीस."

"अकरा दिवस लागले."

"अकरा दिवस." यारोमीरने मान हलवली. "त्या अकरा दिवसांत मी रोज इस्पितळातून थेट तुझ्याकडं यायचो. तू मला सूप वाढायचास."

"हो."

"बटाट्याचं. अळिंबी घालून."

"हो."

मिलादा पाठ फिरवून चुलीकडे गेली, तेथे काही काम नसताना.

"तुला ठाऊक होतं," ओताकर म्हणाला.

"चालत्या सायकलवरून दगड ओळखले मी. दोन अर्ध्यांच्या मधलं बोटभर नाहीसं झालंय, ते मला दिसणार नाही?"

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर काढून दिला असतास. मग तो मी मागून घेतलेला झाला असता. मी म्हटलं, देईल. नाताळला देईल. नाताळ गेला, म्हटलं ईस्टरला देईल." त्याने काप टेबलावर ठेवला, पण त्यावरचा हात काढला नाही. "घेतलास त्याचं मला एवढं काही नाही. मीही घेतला असता कदाचित. पण तेव्हा मला पाय होते, ओताकर. हा घेऊन मी त्या शेतात गेलो असतो. जिथं मिळाला तिथं उभं राहून उन्हात धरला असता. आता काय, ही खिडकी."

ओताकरने रिकामा डबा मिटून खिशात ठेवला.

"जा आता तू," यारोमीर हळूच म्हणाला. "बन बांधून घे. पण जा."

"पोस्टमनसाहेब," ब्लांकाने संकोचत विचारले, "मग मी किती तुकडे नेऊ?"

"दोनच ने. मधे बोटभर जागा सोड."

त्यानंतरचे दोन दिवस ओताकरने खोपट उघडले नाही. शनिवारी तो टोपी हातात घेऊन शेताच्या मालकाकडे गेला, कारण विचारल्याखेरीज कोणाच्या नांगरटीत पाऊल टाकायचे नाही, हा नियम त्या दोघांनी कधी मोडला नव्हता. रविवारी सकाळी त्याने स्वयंपाकघरातली एक खुर्ची गाडीत घातली आणि यारोमीरच्या दारात उभा राहिला.

"मी प्रदर्शनाला यायचा नाही," यारोमीर आतूनच म्हणाला.

"प्रदर्शनाला नाही. परवा नांगरलंय. काल पाऊस होऊन गेलाय. मालकाला विचारलंय."

आत काठी आपटल्याचा आवाज आला.

"कोट कुठंय माझा?"

"खुंटीवर, जिथं तीन वर्षं आहे," मिलादा म्हणाली. "जा दोघं. संग्रहालयात मी जाते. तुमच्या वाटणीचं कौतुक मीच ऐकून येते, माझं ते येणं आहे."

बांधावर खुर्ची रोवायला बराच वेळ गेला. माती ओली होती. यारोमीर बसला, पायांवर घोंगडी घेतली. समोर काळीभोर नांगरट उतरत गेली होती आणि पलीकडे क्रकोनोशे पर्वताची निळी रेघ होती. त्याने सदऱ्याच्या खिशातून काप काढला आणि सूर्याकडे धरला. ओताकर दुसरीकडे पाहत उभा राहिला. ते पाहण्याचा वाटा आपला नाही, असे त्याला वाटले.

काही वेळाने काठी वर झाली.

"तिकडं. नांगराच्या चौथ्या तासात. चमकतंय ते."

ओताकर नांगरटीत उतरला. त्र्याहत्तराव्या वर्षी ढेकळांतून चालणे सोपे नव्हते.

"डावीकडं. अजून. वाक. तो नव्हे, ती खापरी आहे. आंधळ्या, तुझ्या बुटाखाली बघ."

बुटाखाली अंड्याएवढा एक ओबडधोबड गोळा होता. ओताकरने तो उचलला, माती न पुसता वर आणला आणि यारोमीरच्या तळहातावर ठेवला. यारोमीरने त्याला जीभ लावली, माती थुंकली, आणि तो फिरवून फिरवून पाहिला.

"अकीक," तो म्हणाला. "लबाड."

"कधी कापू?"

यारोमीरने दगड घोंगडीवर ठेवला, त्याच्या शेजारी तो काप ठेवला.

"उद्या. मी समोर बसेन," तो म्हणाला. "आणि सूप कर."

ज्याने उशिरा का होईना आणून ठेवले, ज्याने जाणूनही मागितले नाही, आणि जिने दोघांची माती वर्षानुवर्षे धुतली, त्या तिघांच्या वाट्याला शरदातले ऊन सारखे येवो.