लग्नात घातलेले शब्द

आमदार झाल्यावरही इफ्रेम टोलिव्हरला गावात कोणी साहेब म्हणत नसे. डॉर्कसमावशी तर नाहीच. भाताच्या खाचरात चिखलाने माखलेलं ते पोर तिने पाहिलेलं होतं. आता ती राज्याच्या राजधानीत, कोलंबियाला, विधानसभेच्या पायऱ्यांवर बसून भाजलेलं रताळं सोलत होती.

"मावशी, लोक बघतायत."

"बघू देत. तुझं भाषण म्हण."

त्याने म्हणून दाखवलं. गुलामीत ज्यांनी एकमेकांना नवराबायको मानलं, त्यांची लग्नं कायद्याने खरी धरावीत, असं त्याचं विधेयक होतं. ते पडलं तर डॉर्कसची पंधरा एकर जमीन जाणार होती. नवरा रेंटी हिवाळ्यात वारला, आणि शेजारचा जमीनदार कोर्टात म्हणाला, ही त्याची बायकोच नव्हती, मग वारस कसली?

मावशीने रताळं खाली ठेवलं. "माझं लग्न तू लावलंस हे आलं. कोणत्या शब्दांत लावलंस, ते कुठं आलं?"

ते लग्न लावलं तेव्हा इफ्रेम बावीस वर्षांचा पाद्री होता, स्वतःही गुलाम. मालक दारात उभा. शपथेत नुसतं 'मरण येईपर्यंत' म्हणायला मनाई होती. उद्या एकाला विकायचं झालं तर शपथेची आडकाठी नको. म्हणून तो म्हणाला होता, 'मरण किंवा मालक वेगळं करीपर्यंत.'

"ते सांगितलं तर विधेयक पडेल, मावशी."

"आणि विरोधकांनीच विचारलं तर? एकदा भिऊन बोललास, तेवढं पुरे झालं."

सभागृहात त्यांनी विचारलंच. व्हिटफील्ड नावाचे वकील आमदार हसत उठले. "पाद्रीबाबा, शपथ कोणत्या शब्दांत दिलीत, तेवढं ऐकवा."

'नेहमीच्याच' म्हणून सुटता आलं असतं. इफ्रेमने कागद बाकावर ठेवला आणि तेच शब्द जसेच्या तसे सांगितले. मागे कोणीतरी खिदळलं.

"म्हणजे लग्न मालकाच्या मर्जीपुरतं," व्हिटफील्ड म्हणाले.

"माझ्या तोंडून तसंच निघालं. चौथ्या वर्षी मालकाने रेंटीला अलाबामात विकलं. माझ्या शब्दांप्रमाणे दोघं मोकळी झाली. पण लढाई संपून गुलामी सुटली तसा तो पायी निघाला आणि छप्पन्न दिवस चालून तिच्या दारात आला. तीही दुसऱ्या कोणाच्या घरात गेली नव्हती. मी भ्यालो, साहेब. ती दोघं भ्याली नाहीत. कायदा माझ्या भीतीवर लिहू नका."

"ही कहाणी झाली. पुरावा कुठाय?"

"वर सज्जात बसलाय. विचारा तिला."

व्हिटफील्डनी वर पाहिलं, पण विचारलं नाही. तेवढ्यात किनाऱ्याकडचा एक लोहार आमदार उठला. अर्धा दिवस तो तळ्यात मळ्यात होता.

"माझं लग्नही असंच लागलं," तो म्हणाला. "त्याच शब्दांत. बायको घरी भाकरी करतेय. माझं मत लिहून घ्या."

विधेयक नऊ मतांनी पास झालं.

"नऊच?" खाली आल्यावर मावशी म्हणाली.

"नऊ पुरतात."

"माझी कोर्टाची तारीख सोमवारी आहे."

कायदा व्हायला गव्हर्नरची सही अजून हवी होती. इफ्रेम त्यांच्या कचेरीत गेला. कारकुनाने मान वर न करता सांगितलं, साहेब कामात आहेत, उद्या या.

"उद्याही इथंच असेन," इफ्रेम म्हणाला, आणि दारासमोरच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला. मावशी त्याच्या शेजारी टेकली. कारकुनाने दोघांकडे एकदा पाहिलं आणि दौत पुढे ओढून उद्याच्या भेटींच्या यादीत टोलिव्हरचं नाव लिहून घेतलं.