भ्यायला शिकवणं

तुळसाबाई कुत्र्यांना भीत नसे, आणि नेमकं तेच चितळाच्या पाडसाच्या जिवावर बेतणार होतं.

आई गाडीखाली गेली म्हणून आठ दिवसांचं ते पाडस नागपूरच्या एका वन्यप्राणी उपचार केंद्रात आलं. तुळसाबाई तिथली राखणदार. तिनं त्याला बाटलीनं दूध पाजलं, आणि सहा महिन्यांत ते तिचा पदर धरून फिरू लागलं. चौकीदार रुपरावचा काळ्या कुत्रा कुंपणाशी आला की हे आपलं त्याला हुंगायला जायचं. घ्या! हरणाच्या जातीनं कुत्र्याशी दोस्ती करायची म्हणजे मरण ओढवून घेणंच की.

"असं जंगलात सोडलं तर एक दिवस टिकणार नाही," डॉक्टर भैरवी म्हणाल्या. "नाहीतर मग जन्मभर जाळीत."

"पण ते भेतच नाही, मॅडम. काहून भेत नसंन?"

"मेंदूत खोलवर एक इवलीशी जागा असते, भीती तिथून उठते. पण कोणाला भ्यायचं, हे पिल्लू आईकडे बघून शिकतं. आई शांत, तर ती जागाही गप्प. त्याची आई तुम्ही आहात, तुळसाबाई. तुम्हाला घाबरावं लागेल."

मग काय, बाई घाबरायला लागली. काळ्या दिसला की किंचाळायची, पळायची. रुपराव पोट धरून हसायचा. पाडस गवत खात राहायचं. तिचं सोंग त्याला बरोबर कळत होतं.

एका सकाळी काळ्या साखळी तोडून फाटकातून आत शिरला आणि थेट पाडसावर झेपावला. या वेळी तुळसाबाईला किंचाळायचंही सुचलं नाही, ती खरंच घाबरली होती. तरी ती मधे पडली. रुपरावनं कुत्र्याला ओढून नेलं. पाडसाच्या मांडीवर ओरखडा उठला, जीव तेवढा वाचला.

ते थरथरत आलं आणि तिच्या पोटाशी डोकं खुपसून उभं राहिलं. तिचा हात उठला.

"नको, तुळसाबाई," भैरवी जाळीबाहेरून हळूच म्हणाल्या. "आत्ता कुरवाळलंत तर शिकलेलं सगळं जाईल."

तिनं दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले आणि तोंड फिरवलं. पाडस बराच वेळ वाट बघत राहिलं. मग एकटंच कोपऱ्यात जाऊन उभं राहिलं.

दुसऱ्या दिवशी कुंपणाबाहेर काळ्या दिसताच त्यानं पाय आपटला, शेपटी वर केली आणि धूम ठोकली.

"जमलं," भैरवी म्हणाल्या. "आता सोडता येईल."

"लवकर सोडा, मॅडम," तुळसाबाई म्हणाली. "माह्या पोटाशी आलं होतं ते, अन् म्या हात नाही लावला."