स्टीलच्या डबीतली चटणी

शाहूपुरीत नेमिनाथचं नट-बोल्टाचं दुकान, आन् त्याच्या भिंतीला भिंत लावून लालासाबचं मोटारींचं वाइंडिंग भरायचं. शेतातली मोटार जळली की माणसं ती लालासाबच्या पुढ्यात टाकायची आन् नेमिनाथच्या बाकड्यावर येऊन च्या प्यायची. दोघांची केसं पिकली, पर बाकडं तेच.

नेमिनाथ जैनाचा. घरात कांदा न्हाय, लसूण न्हाय. बायको अक्काताई त्या बाबतीत लय कडक. पर गड्याचं एक गुपित हुतं, आन् ते एकट्या लालासाबला ठावं. नेमिनाथ लसूण खायाचा. तेबी कशासंगं, तर जिलबीसंगं.

झालतं असं. लय वर्सामागची सव्वीस जानेवारी. त्या दिवशी कोल्हापुरात झेंड्याला सलाम ठोकला की माणूस सरळ जिलबीच्या रांगंत. लालासाब गरम जिलबी मोडून तांबड्याभडक कांदा-लसूण चटणीत बुडवत हुता आन् डोळं मिटून खात हुता. नेमिनाथ आधी हसला. म्हणला, चांगल्या जिलबीची माती केलीस की. मग त्याच्या कपाळावरचा घाम बघितला, बोटं चाटणं बघितलं, आन् ह्याच्या तोंडाला पाणी सुटलं. हळूच म्हणला, मलाबी दे. लालासाब जरा थबकला. म्हणला, ही उष्टी झाली, उद्या तुझ्यापुरती घरनं आणतो.

दुसऱ्या दिवशी स्टीलची डबी आली. लालासाबची डबी प्लास्टिकची, नेमिनाथची स्टीलची. दोन्ही उघडल्या की लसणाचा असा भपकारा सुटायचा की वायरीचा वासबी मागं सरायचा. नेमिनाथनं जिलबी बुडवली, तोंडात टाकली. आधी गोड, मग तिखट, मग परत गोड. गडी खुळा झाला.

तवापास्नं जिलबी आली की डबी यायचीच. खाऊन झालं की नेमिनाथ नळावर चुळा भरायचा, मिशी पुसायचा, दोन वेलदोडं चावायचा, तवा घरची वाट धरायचा. अक्काताईला कधी वास आला न्हाय. आपल्या हुशारीवर तो मनातल्या मनात खूश असायचा. पर मनाला खायाचंबी. भादव्यातल्या पर्वात ह्या लसणापायी तो एक उपास जास्तीचा धरायचा, कुणाला न सांगता. क्षमावाणीला हात जोडताना ह्याचीबी माफी मागून घ्यायचा. आयुष्यात एवढं एकच काय ते चोरून केल्यालं.

घरात मात्र अक्काताईची हिंग घातल्याली चटणी ताटात आली की बोटानं बाजूला सारायचा. म्हणायचा, हे आजाऱ्याचं पथ्य हाय, चटणी न्हवं. अक्काताई काय बोलायची न्हाय. पदराआड हसायची, आन् ह्याला वाटायचं खोकला आलाय.

औंदाच्या सव्वीस जानेवारीला लालासाब न्हवता. तो आन् त्याची बायको खैरुनबी पुतण्याच्या लग्नाला गारगोटीला गेलते. नेमिनाथनं जिलबी घेतली खरी, पर चटणीबिगर खायाची कशी? तसाच उठला आन् कोपऱ्यावरच्या पिराजीच्या वड्याच्या गाड्यावर गेला. इकडं-तिकडं बघून चमचाभर कांदा-लसूण चटणी मागितली. जिलबी बुडवली, तोंडात टाकली, आन् थू करून गटारीत थुकला. जिभंवर जळकं, उग्र असं कायतरी चिकटून बसलं. त्यानं पिराजीला झापलं, म्हणला, नासल्याली चटणी लोकास्नी चारतोस व्हय.

पिराजीचं तोंड एवढंसं झालं. "शेट, आजच कुटलीया. लसूण हाय त्यो. लसणाला लसणाचाच वास यायचा की."

नेमिनाथ घरी गेला. चुळा भरल्या हुत्या, वेलदोडं खाल्लं हुतं. अक्काताईनं पाण्याचा तांब्या दिला आन् तिथंच थांबली.

"आज लसूण खाऊन आलासा?"

नेमिनाथची पाचावर धारण बसली. पर त्याच्या तोंडातनं भलताच सवाल गेला. "आजवर कधी वास आला न्हाय तो?"

"आजवर खाल्लासाच कुठं," अक्काताई म्हणली. "डबी ह्याच घरातनं जातीया."

मग तिनं सगळं सांगितलं. त्या पहिल्या दिवशीच खैरुनबी तिच्याकडं आल्ती. म्हणली, वैनी, दादांनी लसूण मागितलाय, पर माझ्या पाट्यावर मी त्यांचा नेम मोडणार न्हाय. तुमचीच चटणी द्या, मिरची जरा जास्त घाला. मग खैरुनबीकडं ब्लाऊज शिवायला टाकायच्या पिशवीतनं डबी जायाची आन् शिवल्याल्या ब्लाऊजासंगं रिकामी परत यायची. हिंग, खोबरं, तीळ आन् संकेश्वरी मिरची. लसणाचा भपकारा यायचा तो लालासाबच्या डबीचा.

सांगताना अक्काताईला हसू आवरंना. नेमिनाथ जेवला न्हाय.

दुसऱ्या दिवशी लालासाब गारगोटीस्नं आला, हातात जिलबीचा पुडा. नेमिनाथ बाकड्यावर न्हवता, आत गल्ल्यामागं बसलता. लालासाबनं तोंड बघितलं आन् वळखलं. पुडा ठेवला, खाली बसला. म्हणला, खैरुन ऐकंना, आन् मलाबी पटलं. तुझा धरम माझ्या हातनं बुडवू व्हय?

"तुला धरम सांभाळायला कुणी सांगितलं हुतं?" नेमिनाथ म्हणला. आवाज चढला न्हाय, त्यानंच लालासाब घाबरला. "मी लसूण मागितलाता. न्हाय म्हणायचंस. तोंडावर न्हाय म्हणला असतास तर मी काय तुझा गळा धरला असता?"

लालासाबनं जिलबीचा पुडा पुढं सरकवला, नेमिनाथनं तो मागं ढकलला.

"तिघं मिळून हसलासा माझ्यावर. हिंगापायी उपास धरलं मी, लाल्या. हिंगापायी."

"हसलो न्हाय," लालासाब म्हणला. "तू खाताना एवढा खूश असायचास, मला सांगवलं न्हाय."

तेवढ्यात एक पावणं मोटार घिऊन आलं, बाकडं रिकामं बघून तसंच उभं ऱ्हायलं. लालासाबनं त्याला थांबायला खुणावलं. मग आपल्या दुकानात जाऊन दोन्ही डब्या आणल्या, प्लास्टिकची आन् स्टीलची, दोन्ही उघडून नेमिनाथच्या म्होरं ठेवल्या. म्हणला, आता तू निवड, मी तोंडातनं ब्र काढत न्हाय.

नेमिनाथनं दोन्ही डब्यांकडं बघितलं. प्लास्टिकची नाकाजवळ नेली आन् खाली ठेवली. स्टीलच्या डबीचं झाकण लावलं. लय घट्ट लावलं. मग पुड्यातली एक जिलबी मोडली आन् तशीच, नुसती, तोंडात टाकली.

"कशी हाय?" लालासाबनं विचारलं.

"गोड," नेमिनाथ म्हणला, आन् पावण्याला बाकड्यावर बसा म्हणला.