पाव भागाचं गणित

सुमय्या लातूरच्या बसमध्ये बसली खरी, पण दर थांब्याला उतरून परत जावं असं तिला वाटत होतं. तिचा पीएचडीचा प्रबंध विद्यापीठात जायचा तो मार्गदर्शक अनंतराव सरांच्या सहीनं, आणि ती निघाली होती सरांचीच पद्धत चुकली असं सांगायला. याला खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात, हे तिलाही कळत होतं. नांदेडला तिच्या अब्बांचं शिलाईचं दुकान. पोरीला फिजिक्स कशाला, म्हणून नातेवाईक कुरकुरायला लागले तेव्हा सर स्वतः त्या दुकानात येऊन बसले होते. पोरीची जबाबदारी माझी, असं सांगूनच ते उठले.

काम असं होतं. अणुभट्टीत न्यूट्रॉन कुठं दाट, कुठं विरळ, याचे काही ठरलेले आकार असतात. एखादा अंदाज घ्यायचा आणि समीकरणातून पुन्हा पुन्हा दळून काढायचा. बाकीचं विरत जातं आणि सगळ्यांत टिकाऊ आकार मागं उरतो. मग दर फेरीला तो पहिला गाळून टाकायचा, की दुसरा वर येतो. दुसरा टिकाऊपणात पहिल्याच्या जितका जवळ, तितकी भट्टी एका अंगाला कलायला, म्हणजे एकाच बाजूला जास्त तापायला सोपी. विभागातला संगणक म्हणजे म्हातारा बैल, म्हणून सरांनी युक्ती बसवली होती. भट्टी चारी बाजूंनी सारखीच, तर पाव भागच मोजा आणि कापलेल्या कडांना आरसे आहेत असं धरा. सरांचे सगळे विद्यार्थी तसंच करून नोकरीला लागले, कुणाचं काही अडलं नाही.

नवा संगणक आला तेव्हा सुमय्यानं सहज म्हणून अख्खी भट्टी चालवली. दुसरा आकार निघाला तो पहिल्याला अगदी खेटून. डावीकडं चढला की उजवीकडं उतरणारा. आरसा धरला की दोन्ही बाजू सारख्याच व्हायच्या, मग पाव भागात हा आकार उगवणार कुठून? आणि तिच्या प्रबंधात छातीठोक लिहिलं होतं, की ही भट्टी कलत नाही.

लातूरला सरांच्या घरचं दार त्यांच्या बायकोनं, कुसुमकाकूंनी उघडलं. "ये गं, उन्हाची आलीस. आधी बस." त्यांनी भिजवून फोडणी दिलेल्या चुरमुऱ्यांचा सुशीला पुढं ठेवला. सुमय्यानं ताटली बाजूला सारून लॅपटॉप उघडला.

सरांनी लॅपटॉपवरची चित्रं पाहिली. चष्मा पुसून पुन्हा पाहिली.

"सुरुवातीचा अंदाज बदलून पाहिलास?"

"लई वेळा, सर. दरवेळी हाच येऊन राहिलाय."

मग त्यांनी लॅपटॉप हळूच तिच्याकडं सरकवला. रागावले असते तर बरं, असं तिला वाटलं.

"पाव भागापुरतं तुझं गणित बरोबर आहे," शेवटी ते म्हणाले. "तेवढंच लिही. अख्ख्या भट्टीबद्दलचं वाक्य काढून टाक. म्हणजे खोटंही होत नाही. सही आत्ता करतो."

त्यांनी पेन उघडलंसुद्धा. किती सोपं होतं! अब्बा मिठाई वाटायला टपलेलेच होते. सुमय्याला मोह झाला, चांगलाच झाला.

"आणि आधीचे प्रबंध, सर? त्यांच्यातबी हेच हाय."

पेन तसंच हातात राहिलं. "ती पोरं आता स्वतः शिकवतात," सर हळूच म्हणाले. "त्यांना मी काय सांगू?"

तिला रडू आलं. हा माणूस लबाड नव्हता. तो घाबरला होता, आणि त्याला घाबरलेलं बघणं तिला सोसत नव्हतं.

"मी तुम्हाला सांगितलं तसंच सांगा, सर. मी तर लिहिणार हाय."

अनंतरावांनी पेनाचं टोपण लावलं. "मग मार्गदर्शक दुसरा बघ. त्यावर माझं नाव नको." ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

सुमय्यानं लॅपटॉप मिटून पिशवीत घातला. तेवढ्यात काकू ओल्या हातानं बाहेर आल्या. "झालं का तुमचं? पानं घेतलीत. जेवूनच जायचं."

"नको काकू," ती चपला पायात सरकवत म्हणाली. "मी हाय तवर सर बाहेर येणार न्हाईत."