नामदेवांचा अशोक

वाशीच्या खाडीकडच्या गावठाणात दिपेशची चार मजली बिल्डिंग आहे आणि तिच्या मागे एक झाड. वीस वर्षांपूर्वी दिपेशच्या वडिलांनी, नामदेवांनी, ते रोप कोकणातून आणलं. "हा खरा अशोक हाय, सीतेचा," असं सांगत ते गावभर फिरले आणि गाव पोट धरून हसलं. अशोक म्हणजे सोसायट्यांच्या कुंपणाला उभा असतो तो, सरळसोट, हे कुणीही सांगेल. याची पानं आंब्यासारखी, पण आंबा येईना आणि फूलही येईना.

सगळ्यांत जास्त हसल्या त्यांच्या बायको, मालतीबाई. "तुमाला फसवलाय त्या रोप इकनाऱ्या मानसानं," हे त्यांनी नवऱ्याला शेवटपर्यंत ऐकवलं. दर शिमग्याला गावची मंडळी होळीसाठी लाकडं मागायला आली, की त्या स्वतः लाकडी शिडी लावून द्यायच्या आणि याच झाडाच्या जून फांद्या तोडायला सांगायच्या. होळीला नाही म्हणायची त्या घरात रीत नव्हती. नामदेव तेवढं पुटपुटायचे, "एक दोन वरसं राहू दे त्याला." पण त्यांचं कोण ऐकतंय?

गेल्या वर्षी माघात नामदेव गेले. घरात सण नव्हता, त्यामुळे फांदी मागायला कुणी आलं नाही. यंदा दिपेशला भाडेकरूंच्या गाड्यांसाठी जागा हवी होती. परवानगी आली होती, शिमगा झाला की झाड मुळापासून जाणार होतं. मालतीबाईंनी हो म्हटलं खरं, पण मनातून त्यांना ते नको होतं. नवऱ्याची एवढी एकच वस्तू उरली होती, आणि तीही थट्टेची.

होळीच्या चार दिवस आधी, सकाळी, त्या मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला गेल्या आणि पिळलेली साडी हातातच राहिली. फांद्यांच्या सालीतून, जिथे पानही नव्हतं तिथून, केशरी फुलांचे झुबकेच्या झुबके बाहेर आले होते. काही जुने होऊन लाल झाले होते. मधमाश्यांचा घुमारा पार भिंतीपर्यंत येत होता. मालतीबाईंनी हात जोडले, कुणाला ते त्यांनाही कळलं नाही. एवढं सगळं या लाकडाच्या आत होतं.

मग त्यांनी नीट पाहिलं. कोवळ्या डहाळ्यांवर एकही फूल नव्हतं. फुलं होती ती जून फांद्यांवर, जशा त्या दरवर्षी होळीला देत आल्या होत्या. त्यांनी दिपेशला हाक मारली.

गाडीची चावी घेऊन निघालेला दिपेश धावत आला. त्याने वर पाहिलं.

"बाबा खरं बोलत होते, आई."

"हा. नि मीच तोडीत होते," मालतीबाई म्हणाल्या.

दिपेशने तिथूनच फोन लावला आणि झाड तोडणाऱ्याला येऊ नको म्हणून सांगितलं.

होळीच्या दिवशी मंडळी लाकडं मागायला दारात आली. मालतीबाई मागे गेल्या, ती शिडी ओढत आणली आणि शेजारच्या किसनच्या पुढ्यात आडवी टाकली.

"काकी, ही तर चांगली हाय अजून," किसन म्हणाला.

"हाय," मालतीबाई म्हणाल्या. "म्हनूनच देते."