इस्तव निवला नव्हता

मित्रांनो, खारीगावातल्या राघोबाबांची मी जुनी शेगडी. आता खारीगावात मात्र राहत नाही. त्यांची नात सान्वी मला ‘बार्बेक्यू’ म्हणते. बाबा शेगडीच म्हणतात आणि मला तेच आवडतं.

भाईंदरच्या एका गाळ्यात महिपत नावाच्या वेल्डरने तेलाचं रिकामं पिंप उभं चिरून मला घडवलं. चार पाय जोडले, जाळी बसवली, तळाला हवेसाठी भोकं पाडली, बिजागरीचं झाकण लावलं. न्यायला आलेल्या राघोबाबांनी माझ्या कडांवरून हात फिरवला. एक कड बोटाला लागली, तशी त्यांनी ती पुन्हा घासायला लावली. “घरात पोरंबाळं हायेत,” म्हणाले.

त्यांच्या अंगणात मी चौदा वर्षं काढली. रविवारी उत्तनची मासळी यायची. त्यांची बायको गोदूबाई मसाला चोळून द्यायच्या आणि राघोबाबा ती माझ्यावर भाजायचे. चिमटा जवळ असूनही मासे ते बोटांनीच उलटत. शेजारी कुंपणावरून विचारायचे, “राघोबा, आमचा वाटा हाय ना?” मला वाटायचं, हे कौतुक माझं आहे. खरं तर ते त्या बोटांचं होतं.

मग घर पाडून तिथे इमारत बांधायचं ठरलं. मुलाने, दिपेशने, घोडबंदर रोडला चेण्याच्या बाजूला फ्लॅट घेतला. सून संचिता म्हणाली, “बाबा, ही शेगडी तिथे कुठे ठेवायची?”

“गच्चीवर. मी सोसायटीला इचारलंय,” बाबा म्हणाले. मी किती सुखावले म्हणून सांगू!

निघायच्या दिवशी दुपारी अंगणात शेवटचं जेवण झालं आणि तासाभरात टेम्पो दारात आला. दिपेशने माझ्यात वाकून पाहिलं. वर नुसती पांढरी राख दिसत होती.

“जरा थांब रं,” गोदूबाई म्हणाल्या. “इस्तव निवला न्हाय अजून. राख काढ, पानी मार, मंग बांध.”

“अगं आई, विझलाय तो. टेम्पोवाला खोळंबलाय, त्याला अजून दुसरी फेरी आहे.”

त्याने झाकण लावलं, मला गोधडीत गुंडाळलं आणि दोरीने आवळलं. राखेखाली मूठभर निखारे अजून जिवंत होते. ते मला पोटात जाणवत होते. बोलता आलं असतं तर मी ओरडले असते.

बायका आणि सान्वी रिक्षाने पुढे गेल्या. दिपेश टेम्पोवाल्याशेजारी बसला. माझे पाय वाकू नयेत म्हणून राघोबाबा मागे सामानात बसले, मला धरून. काशिमिऱ्याचा नाका मागे पडला, टेम्पोने वेग घेतला आणि भोकांतून वारा आत शिरला. निखारे फुलले. आधी गोधडी करपली, मग पेटली. शेजारी गाद्या होत्या. गाद्यांना टेकून गॅसचा सिलिंडर.

बाबांनी केबिनवर बुक्क्या मारल्या. टेम्पो कडेला लागला, पण कुणी उतरून येईपर्यंत ते थांबले नाहीत. पेटत्या गोधडीसकट त्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं आणि खाली रस्त्याकडेच्या मातीत लोटलं.

सामान वाचलं. माणसं वाचली. बाबांचे तळवे मात्र भाजून निघाले.

दिपेश धावत आला आणि त्यांच्या हातांवर बाटलीतलं पाणी ओतू लागला. “आईने सांगितलं होतं, बाबा. मी ऐकलं नाही.”

“मी तरी कुठं बोललो? मीबी राख बगितली व्हती,” बाबा म्हणाले.

कातडी भरून यायला काही महिने गेले. उजव्या हाताची बोटं मात्र पुन्हा नीट वळली नाहीत. मला मातीतून उचलून आणलं होतं, पण तोवर मी नव्या इमारतीच्या जिन्याखाली पडून होते. संचिता एकदा म्हणाली, “भंगारात देऊन टाकू या. बघवत नाही मला.”

“तिचा काय गुन्हा हाय?” बाबा म्हणाले.

मित्रांनो, निखाऱ्यांनी कधी भाजलं नव्हतं इतकं मला त्या शब्दांनी भाजलं.

परवाच्या रविवारी दिपेशने मला गच्चीवर नेलं. चिमट्याने त्याने बांगडे भाजले. बाबा खुर्चीत बसून डाव्या हाताने जेवले. “बांगडा बरा झालाय,” एवढंच म्हणाले. सगळं आवरलं तरी दिपेशने मला हलवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाण्याची बादली घेऊन आला. राख थंडगार दिसत होती. त्याने पाणी ओतलं आणि तळातून बारीकसा आवाज आला, चर्रर्र. दिपेश जाऊन दुसरी बादली भरून घेऊन आला.

मित्रांनो, घर बदलताना माझ्यासारखी शेगडी न्यायची असेल, तर आदल्या दिवसापासून तिला पेटवू नका. राख उपसा, पाणी मारा, तळाजवळ हात धरून बघा. आणि घरातलं कुणी ‘थांब’ म्हणालं, तर थांबा. त्या दुपारी आम्ही थांबलो असतो, तर टेम्पोवाला थोडा चिडला असता. एवढंच झालं असतं.